नित्य शास्त्रवाचनाचा आरंभ

वाचण्याचे शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ८:२६–४०, योहान १५:१–८, प्रकटीकरण १:३.



गेल्या हिवाळ्यात पिंपळगाव बसवंतजवळच्या एका मळ्यातील वस्तीवर आम्ही सांत्वनाकरिता गेलो होतो. त्या घरचे एक लेकरू आठ दिवसांपूर्वी वारले होते. आम्ही तेविसावे स्तोत्र वाचले, प्रार्थना केली, चहा घेतला आणि निघावयास उठलो. लेकराची आजी तोवर भिंतीस टेकून मुकाट बसली होती. ती म्हणाली, “पाळकबाबा, तुम्ही आला की देवाचं वचन येतं, अन् तुम्ही गेला की तेबी तुमच्या गाडीवर बसून जातं. रातच्याला मी काय धरू?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. कोनाड्यात तांबड्या फडक्यात गुंडाळलेले पवित्र शास्त्र होते. तिच्या मुलाच्या लग्नात मंडळीने ते भेट दिले होते, आणि ते त्याच्या हाती देणारे आम्हीच होतो. फडके सोडले तेव्हा पाने एकमेकांस चिकटलेली आढळली. अकरा वर्षे आम्ही त्या घरी जाऊन वाचीत आलो. परंतु त्या घरास वाचावयास लाविले नाही. हा दोष त्या घराचा नव्हे, आमचा आहे. तो कबूल करूनच हा पाठ लिहावयास घेत आहो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात जो कूशी अधिकारी आहे, तो आमच्या मते नवशिक्या वाचकांचा पहिला गुरुबंधू होय. कंदाके राणीचा तो खजिनदार. यरुशलेमेस उपासनेकरिता जाऊन तो रथातून परत चालला होता, आणि वाटेत यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचीत होता. ह्या गोष्टीतील तीन बारीक खुणांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पहिली ही की, फिलिप्पाने त्याचे वाचणे ऐकले. म्हणजे तो मनातल्या मनात वाचीत नव्हता, मोठ्याने वाचीत होता. त्या काळी वाचण्याची सामान्य रीत तीच होती. दुसरी ही की, त्यास अर्थ कळत नव्हता आणि तसे सांगावयास तो लाजला नाही. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा मनुष्य, परंतु पायी धावत आलेल्या परक्यास त्याने रथात आपल्याजवळ बसविले. तिसरी खूण आम्ही कित्येक वर्षे वाचूनही पाहिली नव्हती. ती त्या आजीने दाखविली. बाप्तिस्मा झाल्यावर फिलिप्प तेथून नेला जातो आणि तो अधिकारी त्यास पुन्हा पाहत नाही. तरी तो आनंद करीत आपल्या वाटेने गेला, असे लूक लिहितो. उपदेशक गेला, पण पुस्तक रथातच राहिले, आणि ते उघडण्याची सवय त्यास आधीपासूनच होती.

आता आरंभ कोठून करावा? पुष्कळ बंधू नववर्षाच्या उपासनेत निश्चय करितात की, यंदा शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावयाचे. उत्पत्तीचे ५० अध्याय गोडीने होतात. निर्गमाचा पूर्वार्धही होतो. पुढे मंडपाची मापे, पडदे, खांब आणि खाचा ह्यांत चाल मंदावते, आणि लेवीयाच्या यज्ञविधींत शिरल्यावर पुस्तक पुन्हा कोनाड्यात जाते. त्या अध्यायांत काही उणे आहे असे नव्हे. पण नुकते चालावयास लागलेल्या मुलास आपण सप्तशृंगीचा डोंगर चढावयास सांगत नाही. शास्त्रात ६६ पुस्तके आणि ११८९ अध्याय आहेत. एका वर्षात ते पुरे करावयाचे तर रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच असा हिशेब बसतो. ज्यांस वाचनाची सवय आहे त्यांनी तो अवश्य धरावा. स्कॉटलंडातील डंडी शहरी रॉबर्ट मॅक्‌चेन नावाच्या तरुण पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीकरिता वर्षभराच्या वाचनाचे कोष्टक केले, ते आजही पुष्कळ देशांत चालते. (त्याच वर्षी अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ पत्र निघाले, हा योगायोग आम्हांस मौजेचा वाटतो.) परंतु ते कोष्टक वाचावयास सरावलेल्या मंडळीकरिता होते. नवशिक्याने मार्कापासून आरंभ करावा. मार्काचे अध्याय १६ च आहेत, गोष्टी लहान आहेत, आणि लिहिणारा लांबण लावीत नाही. रोज पंधरा ओव्या वाचल्या तरी सुमारे दीड महिन्यात एक संपूर्ण शुभवर्तमान हाती येते. त्यानंतर लूक, मग कृत्ये, आणि जोडीला एकेक स्तोत्र. मापे आणि वंशावळ्या वर्षभर वाट पाहतील.

पंधरा ओव्या हे माप ऐकून कोणी हसेल. येथील शेतकरी मात्र हसणार नाही. आमच्या भागात द्राक्षबागेस पूर्वी पाटाने पाणी सोडीत; आता प्रत्येक वेलीच्या बुडाशी ठिबकची नळी असते. तिच्यातून येणारे पाणी पाहिले तर ओंजळही भरणार नाही असे वाटते. तरी मुळाशी ओल राहते ती त्यानेच. एकदम पुष्कळ पाणी सोडले तर ते वाहून तरी जाते किंवा मुळे तरी सडतात. ओहोटी-भरतीसारखे वाचणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. मोठ्या सभा झाल्या की आठ दिवस मध्यरात्रीपर्यंत वाचावयाचे, आणि मग पुढल्या सभांपर्यंत काही नाही. अशा वाचनाने डोके जड होते. सवय जडत नाही.

वाचनाची जागा एखाद्या ओवीच्या शेवटी किंवा अध्यायाच्या शेवटीच तोडावी असेही नाही. अध्यायांचे हल्लीचे विभाग तेराव्या शतकात झाले, आणि नव्या करारातील ओव्यांचे आकडे १५५१ साली घातले गेले. मार्काने ते घातले नव्हते. गोष्ट जेथे संपते तेथे थांबावे.

वेळेविषयी आम्ही पूर्वी असे सांगत असू की, पहाटे पाच वाजता उठून वाचावे. हा सल्ला चांगला आहे, पण तो ज्याच्या घरी घड्याळाप्रमाणे काम चालते त्याच्याकरिता. शेतीच्या पंपाची वीज एका आठवड्यात दिवसा येते, दुसऱ्या आठवड्यात रात्री येते. रात्रभर बारे देऊन आलेल्या मनुष्यास पाच वाजता उठ म्हणणे बरे नव्हे. छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या तर उजाडण्यापूर्वीच मळ्यावर असतात. म्हणून आता आम्ही घड्याळाची वेळ सांगत नाही. रोज चुकल्याशिवाय होणाऱ्या एखाद्या कामास वाचन बांधावे असे सांगतो. कोणी पहिल्या चहाच्या आधी वाचतो. एक बाई भाकरीची परात धुऊन पालथी घातली की पुस्तक उघडते. एक बंधू गोठ्यात धार काढून आल्यावर, दूध डेअरीवर पोहोचविण्याच्या आधी वाचतो. काम रोज होते, म्हणून वाचनही रोज होते. पुस्तकही त्या कामाच्या जवळच असावे. उंच कोनाड्यात फडक्यात बांधून ठेवलेल्या पुस्तकाचा मान राहतो खरा, पण हात तेथवर जात नाही. पानास हळदीचा डाग लागला तर लागू द्यावा.

मोबाइलवर वाचावे की नाही, असे तरुण मंडळी विचारतात. ज्यांस वाचता येत नाही त्यांस त्यावर शास्त्र ऐकता येते, हा मोठाच लाभ आहे आणि आम्ही त्याबद्दल देवाचे उपकार मानतो. परंतु आमचा स्वतःचा अनुभव असा की, सकाळी तो हाती घेतला की शास्त्राच्या आधी बाजारभाव आणि दहा जणांचे निरोप दृष्टीस पडतात. मग ओवी वाचली तरी मन पिंपळगावच्या बाजार समितीत टोमॅटोच्या क्रेटांपाशी उभे असते. म्हणून ज्यास अक्षर येते त्याने पहिले वर्षभर तरी छापील पुस्तकातूनच वाचावे.

आता ज्यांस अक्षर येत नाही त्यांच्याविषयी. प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायातील तिसरी ओवी काढून पाहा. तेथे वाचणारा धन्य म्हटला आहे, तो एकवचनी. आणि ऐकणारे धन्य म्हटले आहेत, ते अनेकवचनी. त्या मंडळ्यांत एक वाचीत असे आणि बाकीचे ऐकत असत. ह्यास्तव ज्या घरात एकास वाचता येते त्या घरात सर्वांचे शास्त्रवाचन होऊ शकते. आमच्या नाशिकचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. शरणपूर येथे १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वसाहत वसविली. गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांस तेथे ठेवून शिक्षण देत. त्यांतील जेकब वेनराइट हा पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या बरोबर होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावी वारले, तेव्हा त्यांचे हृदय झाडाखाली पुरताना प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचली ती ह्या नाशिकच्या विद्यार्थ्याने. रानात आसपास कोणी पाळक नव्हता. ज्यास वाचता येत होते तो उभा राहिला.

आणि अक्षर येत नाही ही अवस्था कायमचीच आहे असे का मानावे? लक्ष्मीबाई टिळक ह्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. लहानपणी त्यांस शाळा मिळाली नाही. लग्न झाल्यावर पतीने अक्षरे शिकविली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, ती सर्व महाराष्ट्र वाचतो. आमच्या मंडळ्यांतील चाळिशीच्या भगिनी “आता ह्या वयात काय शिकावयाचे” असे म्हणतात, तेव्हा आम्ही त्यांस जलालपूर येथून किती कोस आहे ते विचारतो.

त्यांचे पती नारायण वामन टिळक ह्यांचे वाचन मात्र निराळ्या प्रकारचे होते. ते विद्वान होते आणि कवी होते. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्याने त्यांस नवा करार दिला. टिळकांची अशी सवय होती की, पुस्तक हाती घेतले की पेन्सिल घेऊन बसावयाचे आणि लक्षात ठेवण्याजोग्या ठिकाणी खुणा करावयाच्या. त्याच रीतीने ते मत्तयाच्या पहिल्या पानापासून निघाले आणि डोंगरावरील प्रवचनापर्यंत येऊन तेथेच खिळून राहिले. पाचवा, सहावा व सातवा हे तीन अध्याय त्यांस सोडवेनात. तत्त्वज्ञानाच्या ज्या कूट प्रश्नांशी ते झगडत होते त्यांची उत्तरे तेथे सापडली असे त्यांनी पुढे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ह्यातून नवशिक्याने पेन्सिल तेवढी घ्यावी. जी ओवी मनास लागते तिच्यापुढे लहानशी रेघ, जी कळत नाही तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. महिन्यातून एकदा पाळक किंवा उपदेशक येतो, तेव्हा चहाबरोबर ती प्रश्नचिन्हे त्याच्यापुढे ठेवावी. उत्तर न आले तर तो घरी जाऊन पाहील. त्याचाही अभ्यास होईल. शास्त्रावर खुणा करणे हा अपमान आहे असे काहींस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही.

भाषा कठीण वाटते, ही तक्रार खरी आहे. जुन्या भाषांतरातील कित्येक शब्द गावच्या बोलीत कोणी बोलत नाही. पंडिता रमाबाईंस हेच जाणवले होते. त्यांस संस्कृत कोळून प्यायल्यासारखे येत असूनही त्यांनी साध्या बायकांस कळेल असे मराठी शास्त्र करावयाचे मनात घेतले, त्याकरिता इब्री व ग्रीक शिकल्या, आणि सुमारे १८ वर्षे केडगावास ते काम केले. काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निजल्या; ते संपूर्ण शास्त्र १९२४ साली छापून निघाले. हल्ली सोपी भाषांतरे आणखीही मिळतात. घरात एक सोपे आणि एक उपासनेत वाचले जाते ते, अशी दोन असली तर कठीण ओवी दोन्हींत पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेच गाठ सुटते.

खंड पडेल. आजार येईल, लग्नकार्य येईल, गारपीट होईल आणि चार दिवस कोणाचे कशात चित्त राहणार नाही. अशा वेळी नवशिक्या एक मोठी चूक करितो. चुकलेल्या दिवसांचे वाचन तो थकबाकीसारखे मांडून ठेवितो, आणि सोसायटीच्या कर्जाप्रमाणे ती फुगत जाते. शेवटी पुस्तक पाहिले की लाज वाटते, म्हणून तो ते पाहतच नाही. आम्ही सेमिनरीत शिकत असताना स्वतः असे केले आहे. बाकी नऊ अध्यायांची झाली होती. ती फेडण्याच्या विचारात आम्ही सबंध उपवासकाळ घालविला आणि त्या काळात एक ओळही वाचली नाही. रानात इस्राएलास मान्ना मिळत असे तो त्या त्या दिवसापुरता. दुसऱ्या दिवशीकरिता ठेवलेल्यास किडे पडत, मात्र शब्बाथाकरिता ठेवलेल्यास पडत नसत. पण काल न वेचलेला मान्ना आज दुप्पट वेचून आण, असे मोशेने कोणास सांगितल्याचे आम्हांस आढळत नाही. खंड पडला तर खूण जेथे आहे तेथून आजच्या पंधरा ओव्या वाचाव्या.

आता योहानाचा पंधरावा अध्याय. द्राक्षांच्या मुलुखात राहणाऱ्यांस ह्या अध्यायावर टीकाग्रंथ लागू नये. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहराची छाटणी आपण हातांनी करितो. दुसऱ्या ओवीत पिता फळ देणाऱ्या फाट्यास साफ करितो असे आहे, आणि तिसऱ्या ओवीत शिष्य वचनाच्या योगे शुद्ध झाले आहेत असे आहे. मराठीत हे दोन निराळे शब्द दिसतात. मूळ ग्रीकात ते एकाच धातूचे आहेत. म्हणजे प्रभू म्हणतो त्याचा भाव असा की, माझे वचन हीच तुमच्यावर चाललेली छाटणीची कात्री होय. म्हणूनच नियमाने वाचणाऱ्यास कधी कधी वाचन नकोसे होते. आरंभी सांत्वनाच्या ओव्या सापडतात, गोड वाटते. पुढे एखाद्या दिवशी भावाशी चाललेल्या बांधाच्या भांडणावर, किंवा मजुराच्या राहिलेल्या पैशांवर बोट ठेवणारी ओवी येते. त्या दिवशी पुष्कळजण पुस्तक मिटतात आणि म्हणतात की वाचनात पूर्वीसारखा रस राहिला नाही. छाटलेली बाग आठ दिवस उजाड दिसते, हे त्यांस मळ्यात कळते.

उपदेशक बंधूंस दोन शब्द. आपण शास्त्र रोज उघडतो ह्याचा आपणांस भरवसा असतो. पण उघडतो ते बहुतकरून रविवारच्या प्रवचनाकरिता. ओवी सापडली की तिचे तीन भाग पाडावयाचे, दाखला जोडावयाचा आणि मिटावयाचे. हे दुसऱ्याच्या ताटात वाढण्याकरिता स्वयंपाकघरात वावरणे झाले. वाढप्या उपाशी राहिला तरी पंगतीस कळत नाही. अनुवादाच्या सतराव्या अध्यायात राजासही आज्ञा आहे की, त्याने नियमशास्त्राची प्रत स्वतःकरिता लिहून काढावी आणि ती आयुष्यभर वाचावी. प्रजेस वाचून दाखविण्याकरिता ती होती असे तेथे म्हटलेले नाही. ज्या पुस्तकातून प्रवचन करावयाचे नाही अशा एखाद्या पुस्तकाचा अर्धा अध्याय तरी आपण रोज वाचावा. आम्ही हल्ली विलापगीत वाचीत आहो.

त्या वस्तीवरच्या घरी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा चिकटलेली पाने सोडविली आणि सहावीत शिकणाऱ्या नातीस मार्काचा पहिला अध्याय काढून दिला. ती रात्री जेवणे झाल्यावर वाचते. आजी ऐकते, मुलगी घाईने वाचू लागली की “आगगाडी थांबव” म्हणते आणि तीच ओवी पुन्हा वाचविते. बाप पहिले पंधरा दिवस अंगणातच बसत असे. हल्ली तो उंबऱ्यापर्यंत आला आहे. मध्यंतरी सहा दिवस खंड पडला होता. आजीने आता चार ओव्या पाठ म्हणून दाखविल्या, त्यांत एक शब्द चुकीचा होता. आम्ही तो दुरुस्त केला नाही, नात करील.

येत्या आठवड्याकरिता ज्यांस आरंभ करावयाचा आहे त्यांनी मार्काचे शुभवर्तमान असे वाचावे : सोमवारी १:१–१३, मंगळवारी १:१४–२८, बुधवारी १:२९–४५, गुरुवारी २:१–१२, शुक्रवारी २:१३–२८, शनिवारी ३:१–१९, आणि रविवारी उपासनेहून घरी आल्यावर ३:२०–३५. प्रत्येक दिवशी मोठ्याने वाचावे, आणि घरात जे कोणी असतील त्यांस हातचे काम सोडावयास न लावता ऐकू द्यावे. ज्यांच्या घरी पुस्तक नाही, किंवा आहे पण अक्षर बारीक असल्यामुळे म्हाताऱ्या माणसांस दिसत नाही, त्यांनी संकोच न करिता आपल्या पाळकाकडे मोठ्या अक्षराच्या प्रतीकरिता नाव द्यावे.